'होय'ने सुरू झालेली चिठ्ठी

तिच्या इमारतीच्या जिन्याच्या तळाशी, कचऱ्याच्या डब्यांना टेकवून कोणीतरी एक टेबलफॅन ठेवला होता. ती गाडीकडे निघाली होती, हातात फायलींची पिशवी, डोक्यात दुपारची चर्चा, आणि खरं म्हणजे डब्यांकडे बघायची तिला सवय नव्हती. पण फॅनची वायर कोणीतरी नीट गुंडाळून ठेवली होती, आणि वायर जिथे फॅनच्या बुडाशी आत शिरते तिथे हिरव्या दोऱ्याची एक गाठ होती. ती थांबली. तशी गाठ मारणारा माणूस या शहरात एकच होता आणि तो तिचा बाप होता. जळालेली मोटर उलगडून नव्या तांब्याच्या तारेने भरायची, कॉइल दोऱ्याने आवळायची, वार्निशमध्ये बुडवून वाळवायची, आणि सगळं झालं की उरलेल्या दोऱ्याची एक गाठ बाहेर वायरला मारायची, हे बाबांचं काम. लहानपणी तिने विचारलं होतं की बाहेरची गाठ कशाला, ती तर काहीच धरून ठेवत नाही. बाबा म्हणाले होते, "पुढच्याला कळावं की आत माणसाने हात घातलाय." तेव्हा तिला ते समजलं नव्हतं. आज डब्यांशेजारी उभी राहून ते नीट समजलं, आणि तिने इकडेतिकडे न बघता फॅन उचलला.

"मॅडम, हे कुठे?" ड्रायव्हरने विचारलं. एवढ्या वर्षांत मॅडमनी पिशवीखेरीज काही उचललेलं त्याने पाहिलं नव्हतं.

"डिकीत."

"चालतो का?"

"चालेल," ती म्हणाली.

गाडी निघाली. ती कर खात्यात उपसचिव होती. आज सभागृहात सरकारच्या कामगिरीवर चर्चा होती, आणि अशा दिवशी खात्याच्या अधिकाऱ्यांनी अधिकारी कक्षात बसून मंत्र्यांना चिठ्ठ्या पुरवायच्या असतात. विरोधक काहीतरी विचारतात, मंत्री मान वळवून कक्षाकडे बघतात, कक्षात कोणीतरी चार ओळी खरडतं, शिपाई त्या घेऊन जातो आणि मंत्री त्या सरकारची भूमिका म्हणून वाचून दाखवतात. लोकांना वाटतं राज्य भाषणांवर चालतं. भाषणांचं काय, ती घरून तयार होऊन येतात. राज्य चालतं ते हाताच्या तळव्याएवढ्या कागदावर, आणि त्यातले निम्मे कागद तिच्या अक्षरातले असत. तिचं अक्षर चांगलं होतं. नेमणूक त्यामुळेच झाली असं लोक चेष्टेत म्हणत, आणि चेष्टेत म्हटलेलं असतं तेवढं खरं त्यातही होतंच.

आता बाबा आठवत होते ते गेल्या रविवारचे. दुकानात वार्निशचा वास तसाच होता, गोडसर, नाकाच्या मुळाशी जाऊन बसणारा, पण पूर्वी तो वास कामाचा वाटायचा आणि आता बंद खोलीचा वाटत होता. भिंतीवर एकही फॅन टांगलेला नव्हता. बाबा स्टुलावर बसून एक रिकामं बॉबिन उगीचच फिरवत होते. "महिनाअखेर शटर ओढतो," ते म्हणाले, हवापाण्याचं बोलावं तसं. "जागेच्या मालकाला सांगून टाकलंय." दुरुस्ती कर आल्यापासून असं झालं होतं. नव्या वस्तूवर जेवढा कर, तेवढाच ती दुरुस्त करणाऱ्याच्या मजुरीवर. वर जुनी वस्तू देऊन नवी घेणाऱ्याला दुकानात सूट, आणि तेवढ्या रकमेवर करही माफ. मग कोण कशाला दुरुस्त करेल? बाकीच्या कारागिरांनी आपापला मार्ग काढला होता, पावतीच करायची नाही, हातात पैसे घ्यायचे आणि मोकळं व्हायचं. एकटे बाबा प्रत्येक गिऱ्हाइकाला पावती देत, तीवर कर लावत, आणि गिऱ्हाईक ती रक्कम बघून फॅन परत काखोटीला मारून निघून जाई. शेजारचा शिलाई मशीनवाला त्यांना हसायचा. बाबा म्हणायचे, "माझी मुलगी त्या खात्यात आहे. मी नाही बुडवायचा."

हे त्यांनी तिला कधी सांगितलं नव्हतं. रविवारी शिलाई मशीनवाल्यानेच सांगितलं, बाबा चहा आणायला गेले तेव्हा. सांगताना त्याचा आवाज टोमण्याचा होता, पण डोळे तसे नव्हते.

आणि त्याहून मागचं एक आठवत होतं, ते तिला आठवायचं नव्हतं. कर लागू झाला त्या आठवड्यात बाबांनी जेवताना विचारलं होतं, "हे तुमच्या खात्याने केलं का गं?" साधा प्रश्न होता. ती म्हणाली होती, "तसं अगदी म्हणता येणार नाही, बाबा. बऱ्याच पातळ्यांवर विचार होऊन हे झालंय." बाबांनी मान डोलावली होती आणि भाजी पुढे सरकवली होती. मंत्र्यांना द्यावी तशी स्वतःच्या बापाला तिने चिठ्ठी दिली होती. घास घशाखाली उतरेपर्यंत तिला ते कळलंही नव्हतं.

खरं तर तिने विरोध केला होता. या करातून येणार किती आणि तो गोळा करायला जाणार किती, हे तिने मांडलं होतं, आणि शेवटी स्वच्छ लिहिलं होतं की मोडलेलं जोडणाऱ्या हातावर कर असू नये, तो मागे घ्यावा. टिपण वर गेलं आणि 'पाहिले' असा शेरा घेऊन खाली आलं. 'पाहिले' या शब्दासारखा गुळगुळीत शब्द सरकारी भाषेत दुसरा नाही. त्याच्यावर काहीही ठेवा, घसरून खाली येतं. तिला राग आला नव्हता. रागाची सवय मोडलेली होती. हे सरकार येण्यापूर्वीचं सरकार होतं, तेव्हा हाच कर त्यांच्या विचाराधीन होता, आणि तेव्हा विरोधात बसलेले आताचे मंत्री त्याला जुलूम म्हणत होते. मग निवडणूक झाली, दोन्ही बाजूंनी बाकं बदलली आणि भाषणंही बदलून घेतली. माजी मंत्री आता जुलूम म्हणत होते आणि मंत्री सुधारणा म्हणत होते. ये रे माझ्या मागल्या. दोघांनाही चिठ्ठ्या तिनेच लिहून दिलेल्या असल्यामुळे सभागृहात कधीकधी तिचंच एक वाक्य तिच्याच दुसऱ्या वाक्याच्या अंगावर धावून जाई, आणि ती वरून शांतपणे बघत बसे.

गेटवर पहारेकऱ्याने डिकी उघडली, फॅन बघितला आणि तिच्याकडे बघितलं. "आत फार उकडतं का, मॅडम?" त्याने विचारलं. ती हसली. सकाळपासून पहिल्यांदा.

अधिकारी कक्ष म्हणजे सभागृहाच्या एका कडेला, लाकडी कठड्यामागे मांडलेली खुर्च्यांची ओळ. तिथून मंत्र्यांची पाठ दिसते, आणि पाठीवरून माणूस फार लवकर ओळखता येतो. तिच्या शेजारी सचिव बसले होते. निवृत्तीला आलेले, सभ्य, हुशार, आणि कशाचंही आश्चर्य न वाटणारे. ती नवी असताना त्यांनीच तिला हे काम शिकवलं होतं. चिठ्ठी मोठ्या अक्षरात लिहायची, कारण कुठल्याही साहेबांना चष्मा लावायचा कंटाळा असतो. खाली सही करायची नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, चिठ्ठी कधीही 'होय'ने सुरू करायची नाही, 'नाही'नेही नाही. 'यासंदर्भात' म्हणून सुरू करायची. 'यासंदर्भात'च्या पोटात काहीही मावतं. "सभागृहात मंत्र्याच्या तोंडून बाहेर पडलं की ते आश्वासन होतं," सचिव म्हणाले होते, "मग ते पुरं करत बसावं लागतं. म्हणून असं लिहायचं की बोलल्यासारखं वाटलं पाहिजे." आणि आताच्या मंत्र्यांची एक खोड त्यांनी पुढे सांगितली होती, ती तिने स्वतःही पाहिली. मंत्री चिठ्ठी आधी मनात वाचत नसत. हातात पडली की थेट मोठ्याने. एकदा सचिवांनी काळजीने लिहून पाठवलं होतं, 'साहेब, जरा पाणी प्या', आणि मंत्र्यांनी भर सभागृहात, बोट उंचावून, विरोधकांना उद्देशून ते वाचून दाखवलं होतं. सभागृह हसून लोळलं, मंत्रीही लोळले आणि मग खरोखरच पाणी प्यायले. माणूस वाईट नव्हता. मोठा आवाज, मोठं पोट, आणि टाळीची भूक. ती भूक कुणाला नसते?

चर्चा नेहमीसारखी चालली होती. वसुली वाढली, असं एक बाजू सांगत होती. महागाई वाढली, असं दुसरी. दोन्ही खरं होतं आणि दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नसल्यासारखे सगळे बोलत होते. तिला आवाज ऐकू येत होते, पण ती बघत होती आपल्या हाताकडे. उजव्या तर्जनीच्या पेराला सकाळचा कसलासा चिकट काळपटपणा लागला होता, फॅनच्या जाळीवरचा. धुवायचं राहून गेलं होतं. तिने नकळत बोट नाकाशी नेलं. वार्निश नव्हतं, नुसती धूळ आणि जुनं तेल. तरीही तिला दुकान आठवलं, शाळेतून येऊन कोपऱ्यातल्या खोक्यावर बसून गृहपाठ करायची ती दुपार, आणि दुरुस्त झालेला फॅन पहिल्यांदा लावतानाचा बाबांचा चेहरा. ते बटण दाबत आणि एक क्षण काहीच होत नसे. त्या क्षणात त्यांचे डोळे बारीक होत. मग पातं हलायचं, आधी आळसावल्यासारखं, मग वेगाने, आणि बाबा तिच्याकडे बघून म्हणत, "बोलला बघ." फॅन चालला असं ते कधी म्हणत नसत. बोलला म्हणत. एवढी वर्षं आपण लिहिलं, तिच्या मनात आलं, आणि त्यातलं एकही अक्षर बोललं नाही.

माजी मंत्री उभे राहिले होते. किडकिडीत, तल्लख, आणि हरल्यापासून अधिकच तल्लख झालेले. "मला वसुलीचे आकडे नकोत," ते म्हणाले. "आकडे मीही याच टेबलावरून वाचलेत. मला एकच सांगा. घरातल्या बारीकसारीक वस्तू दुरुस्त करणाऱ्यांवर लावलेला हा कर चुकला, तो मागे घ्यायला हवा, हे सरकारच्या खात्याला मान्य आहे की नाही? होय किंवा नाही, एवढंच." स्वतः टेबलामागे असताना त्यांनी जन्मात कधी होय किंवा नाही म्हटलं नव्हतं, पण खुर्ची गेली की माणसाला साध्या भाषेचा उमाळा येतोच. सत्ताधारी बाकांवरून हुर्यो झाली. मंत्र्यांची पाठ किंचित ताठ झाली, आणि मग ती मान वळली. कक्षाकडे.

चिठ्ठी तयार होती. सकाळीच लिहून ठेवली होती, कारण हा प्रश्न येणार हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता. 'यासंदर्भात सर्व संबंधितांची मते मागवण्यात येत असून, माहिती संकलित करून सभागृहापुढे ठेवण्यात येईल.' सुंदर वाक्य. तिने ते उचललं, आणि त्याच्या तळाशी तिच्या बोटाचा काळा ठसा उमटला. शिपाई कठड्याशी येऊन उभा होता. रबरी तळाचे बूट, वाकलेले खांदे, हात पुढे. त्या हाताने कितीतरी 'यासंदर्भात' वाहून नेले असतील. मूक जनावरासारखा गेला असेल आणि आला असेल, तिने मनात म्हटलं, आणि लगेच तिला वाटलं, तो कशाला, मीच.

तिने ती चिठ्ठी खाली ठेवली आणि कोरा कागद ओढला. भीती वाटत होती, चांगलीच वाटत होती. बदली होईल. कुठल्यातरी अभिलेख कक्षात बसवतील, चौकशी लावतील. आणि ती भीती आहे तिथेच असताना हात लिहीत होता, मोठ्या अक्षरात, चष्म्याचा कंटाळा असलेल्या माणसाला दिसेल अशा. 'होय. हा कर जेवढं देतो त्याहून जास्त तो गोळा करण्यात जातं. मोडलेलं जोडणाऱ्या हातावर कर असू नये. तो मागे घ्यावा, असे खात्याने लेखी कळवलेले आहे.' सगळं खरं होतं. यातलं मोडलेलं जोडणाऱ्या हाताचं वाक्य तर टिपणातून शब्दशः उचललेलं होतं. फक्त पहिला शब्द नवा होता. मग तिने खाली सही केली.

सचिव तिरक्या नजरेने वाचत होते. हात लांब करून त्यांनी कागद रोखला असता तर विषय तिथेच मिटला असता. त्यांनी हात लांब केलासुद्धा. मग तो तसाच हवेत राहिला.

"सही का केलीस?" त्यांनी हळूच विचारलं.

"उद्या शोधायला लागले तर सापडायला नको का मी?"

सचिवांनी तिच्याकडे बघितलं. कशाचंही आश्चर्य न वाटणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर काहीतरी सरकलं. त्यांनी हात मागे घेतला, चष्मा काढला आणि तो रुमालाने पुसायला लागले. चष्मा काढल्यावर त्यांना काही दिसत नसे, हे सगळ्या खात्याला माहीत होतं. शिपायाने चिठ्ठी घेतली आणि निघाला. रबरी बूट गालिच्यावरून जाताना तिला दिसत राहिले. एवढंसं अंतर, आणि किती वेळ लागावा. अजून हाक मारता येईल, तिला वाटलं. अजूनही. मग शिपाई मंत्र्यांच्या खांद्याशी वाकला आणि अजून संपलं.

"होय," मंत्री म्हणाले.

बोट नेहमीसारखं वर होतं, आवाज नेहमीसारखा खणखणीत. त्या आवाजात 'होय' इतक्या लांब गेलं की मागच्या बाकांवर डुलक्या घेणारेही जागे झाले. आणि मंत्री थांबले. त्यांनी कागदाकडे बघितलं. जन्मात पहिल्यांदा ते चिठ्ठी मनात वाचत होते, हे तिला त्यांच्या पाठीवरून कळत होतं. मानेच्या मागची वळी लाल झाली. माजी मंत्री उभेच होते, पुढचं भाषण तोंडात घेऊन, आणि ते भाषण 'नाही'वर किंवा 'यासंदर्भात'वर बेतलेलं असल्यामुळे आता त्यांना त्याचं काय करावं कळत नव्हतं. बटण दाबलं होतं आणि काहीच होत नव्हतं. तिने डोळे बारीक केले.

आधी एकच थाप ऐकू आली. सत्ताधारी बाजूच्या शेवटच्या रांगेतून, एका थोराड सदस्याने बाक वाजवलं होतं. त्याच्या मतदारसंघात म्हणे घरटी एक कारागीर होता आणि हा सदस्य वर्षभर त्यांना तोंड चुकवत फिरत होता. मग दुसरी थाप, मग शेजारची. मग समोरून, विरोधी बाजूनेही, कारण मागणीच त्यांची होती, न वाजवून सांगतात कोणाला? मंत्र्यांनी मान उचलली. दोन्ही बाजूंनी बाकं वाजत होती, त्यांच्यासाठी, आणि असं त्यांच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. पाठ हळूहळू रुंद झाली. "होय," त्यांनी पुन्हा म्हटलं, आता स्वतःचं म्हणून, आणि चिठ्ठी शेवटपर्यंत वाचली, एक शब्द न गाळता. आणि वर पदरचं घातलं, "चूक मान्य करायला हे सरकार घाबरत नाही. हा कर आम्ही मागे घेतो." मग तर कोण कुठल्या बाजूचं हे आवाजावरून कळेना. तिला ते सगळं अंगात ऐकू येत होतं, पायांच्या तळव्यांतून, कठड्याच्या लाकडातून. बोलला. तिला मोठ्याने हसायचं होतं आणि रडायचंही होतं. तिने यातलं काहीही केलं नाही. नुसती ताठ बसून राहिली, आणि इतकं ताठ बसायला आपल्याला येतं हे तिला माहीत नव्हतं.

बाहेरच्या व्हरांड्यात मंत्र्यांनी गाठलंच. भोवती माणसांचं कोंडाळं, हातात ती चिठ्ठी. "ही सही तुमची?"

"माझी."

मंत्र्यांनी तिला आपादमस्तक पाहिलं. रागवावं की काय, हे त्यांचं अजून ठरलेलं नव्हतं, पण कानात बाकं वाजत असताना माणूस किती रागावणार? "टिपणात हे खरंच होतं?"

"होतं, साहेब. 'पाहिले' असा शेरा आहे त्यावर."

"हं." त्यांनी चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली. "म्हणजे माझाच." आणि मग त्यांचं पोट हलायला लागलं. हसू वर यायला थोडा वेळ लागला, पण आलं तेव्हा खरं आलं. "पुढच्या वेळी असा शब्द लिहायचा असेल तर आधी पाणी पाठवत जा, बाई." संध्याकाळपर्यंत ही कल्पना मुळात आपलीच होती असं ते सगळ्यांना सांगत होते. तिने ऐकलं आणि तिला जराही वाईट वाटलं नाही. कल्पना त्यांना लखलाभ असो. सचिव लिफ्टपाशी भेटले आणि तिच्यासाठी दार धरून उभे राहिले, शिपायासारखे.

बाबांच्या दुकानाचं शटर उघडं होतं. तिने फॅन आपल्या हातांनी आत नेला. शिलाई मशीनवाला उंबऱ्यात उभा राहून मोठमोठ्याने बातमी सांगत होता, आणि बाबा ती परत परत सांगायला लावत होते. तिला बघून मशीनवाला बाजूला झाला. बाबांनी फॅन घेतला, वायरवरून अंगठा फिरवला, गाठीपाशी थांबले.

"हा माझा आहे."

"डब्याशी होता."

त्यांनी स्क्रू काढले, जाळी उतरवली, आत बोट घालून पातं फिरवून पाहिलं. "कॉइल शाबूत आहे. दांड्याचा बुशच अडकलाय नुसता. एवढ्यासाठी टाकला लोकांनी." तेलाचे थेंब, थोडं घासणं, आणि ते हात, जे रविवारी रिकामं बॉबिन फिरवत होते, आता एकाही हालचालीत चुकत नव्हते. ती कोपऱ्यातल्या खोक्यावर बसली. खोका आता तिला पुरत नव्हता, तरी बसली.

"मालकाला फोन करतो," बाबा मान वर न करता म्हणाले, "शटर ओढत नाही म्हणून." आणि थोड्या वेळाने, "मंत्री शहाणा निघाला म्हणायचा. आपणहून बोलला?"

तिने खाली पडलेला एक स्क्रू उचलून त्यांच्यापुढे धरला. बाबांनी स्क्रू घट्ट केले, पिन बोर्डात खुपसली आणि मग, बटणावर बोट ठेवून, तिच्याकडे वळले. तिच्या काळ्या बोटाकडे त्यांचं लक्ष गेलं, मग चेहऱ्याकडे. त्यांचे डोळे बारीक झाले.

"तू केलंस का हे?"

कितीतरी वाक्यं तिच्या जिभेवर येऊन उभी राहिली, सवयीने, रांगेत, एकाहून एक सुंदर. तिने त्यांना जाऊ दिलं.

"होय," ती म्हणाली.

बाबांनी बटण दाबलं.